घोरपड धरणग्रस्त, फेलमिंगू लाभधारक

“ए! उठ तिथनं! कुणाच्या चुलीवर उभा हाईस, कळतंय का?”

पळसदेवच्या पाण्याकाठी हिवाळ्यात सकाळी सकाळी ही आरोळी ऐकून भलेभले दचकायचे. काठावर एक उंच, वाळकी म्हातारी. लुगड्याचा ओचा वर खोचलेला, हातात बाभळीची काठी. समोर उथळ पाण्यात फ्लेमिंगोंचा थवा माना खाली घालून चिखल चिवडतोय. म्हातारी त्यातला एक निवडायची आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पक्षी ढिम्म हलायचा नाही. मग ती काठी आपटून म्हणायची, “बगा, नोटीस देऊन बी उठत न्हाय. आमाला दिली तवा आमी उठलो का न्हाय?”

ही माझी सख्खी आत्या, गजराबाई. हसा तुम्ही. तुम्हाला हसायला काय जातंय? बारामतीहून भिगवण, भिगवणहून पळसदेव अशा दोन एसट्या बदलून तिची भांडणं निस्तरायला जायचं ते मला. नव्वद सालानंतरची ती वर्षं माझा रविवार म्हणून कधी सुखाचा गेला नाही. मी पिंपळीच्या शाळेत मास्तरीण. आठवडाभर पोरांवर ओरडून घसा बसलेला, आणि शनिवारी कुणीतरी निरोप घेऊन दारात उभं, “बाई, तुमच्या आत्यानं पुण्याच्या पाहुण्याची दुर्बीण पाण्यात टाकली.” टाकली नव्हती. त्याच्या हातातनं पडली होती. पण आत्याच्या ओरडण्यानं पडली होती, हेही खरं.

लोक म्हणायचे, बाई, आत्याचा राग तुमच्यात उतरलाय. उतरू दे. वडील गेल्यावर माहेरचं म्हणून मला तिच्याशिवाय कोण होतं? तिला मूलबाळ नव्हतं. मामा, म्हणजे तिचे यजमान, वडिलांच्या आधीच गेलेले. तेव्हा ती माझी आणि मी तिची, आणि दोघी सारख्याच चिडक्या. आम्ही एका चुलीपुढं बसलो तर जाळ न घालता चहा उकळेल, असं आमचे हे म्हणायचे.

आता ती पाण्यातली चूल. उजनीचं पाणी आलं तेव्हा जुनं गाव खाली गेलं आणि माणसं वर सरकली. मी तेव्हा परकरी पोर होते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचं शिखर वर निघतं. मग काय विचारता! पेपरवाले येतात, फोटो काढतात, पाण्याखालच्या वैभवावर लेख लिहितात. माझ्या अंगाची नुसती लाही लाही होते. वैभव म्हणे! देऊळ दगडी, ते टिकलं. आमच्या वस्तीची घरं मातीची. चहात बिस्कीट विरघळावं तशी ती पहिल्याच वर्षी विरघळून गेली. त्यांचं काय वर निघणार आणि फोटो कशाचा काढणार? देवळाशी आमच्या लोकांचा संबंध जुन्या काळी बाहेरूनच होता, आणि धम्म घेतल्यावर तेवढाही उरला नव्हता. तरी बुडालेलं गाव म्हटलं की देऊळ. वस्तीचं कुणी नाव काढत नाही.

आत्याला मात्र वस्तीचा इंच न् इंच पाठ. शिखराच्या डाव्या अंगाला, वर चढाकडं, जिथं हिवाळ्यातच पाणी उथळ होतं, वाळून गेलेल्या बाभळीच्या पुढं, तिथं तिचं घर. आणि चिखल मऊ म्हणून की काय, फ्लेमिंगो नेमके तिथंच जमायचे. “फेलमिंगू,” आत्या म्हणायची. मी शंभरदा सांगितलं, आत्या, फ्लेमिंगो म्हण, नाहीतर मराठीत रोहित म्हण. “रोहित आमच्या भावकीत एक हाय,” ती म्हणाली, “गुणाचं पोरगं हाय. ह्येला फेलमिंगूच म्हनायचं.”

आत्याकडं जगातल्या यच्चयावत प्राण्यांसाठी दोनच शब्द होते. धरणग्रस्त आणि लाभधारक. शब्द सरकारचे. ज्याचं पाण्यात गेलं तो धरणग्रस्त, ज्याला पाणी मिळालं तो लाभधारक. सरकारनं ते जमिनीपुरते काढले होते, आत्यानं सगळ्या सृष्टीला लावले. ऊस लाभधारक, ज्वारी धरणग्रस्त. मासा लाभधारक, म्हैस धरणग्रस्त, कारण गायरान गेलं. एसटीत खिडकीशी बसलेला लाभधारक आणि दांडीला लोंबकळणारा धरणग्रस्त. माझ्या लग्नात तिनं मांडवात उभं राहून सगळ्या वऱ्हाडाला आमच्या ह्यांची ओळख करून दिली, “जावई लाभधारक हाय. नीरेच्या कालव्यावरचा. पन मानूस वाईट न्हाय.” सासूबाईंनी हे वाक्य मला पुढं किती ऐकवलं म्हणता! “आम्ही बाई लाभधारक,” असं म्हणायच्या आणि खरकटी भांडी माझ्यापुढं सारायच्या.

या सगळ्या धरणग्रस्तांत पहिला मान घोरपडीचा.

त्याचं असं झालं. गाव उठलं तेव्हा लोकांनी जुन्या घरांची दारं आणली, खिडक्या आणल्या, वासे आणले. आमच्या मामांनी चौथऱ्याचे दगड आणले. बैलगाडीच्या खेपांवर खेपा. लोक हसले. दगड काय वर मिळत नव्हते? पण मामा बोलणारा माणूस नव्हे. त्यांनी नव्या घराच्या अंगणाला त्या दगडांचा कमरेएवढा गडगा रचला, माती न चुना, नुसता दगडावर दगड. आणि त्या गडग्यात एक घोरपड राहायला आली. मी ती लहानपणी या डोळ्यांनी पाहिलीय. शेपटी धरून माझ्याएवढी लांब. दुपारची दगडाला पोट लावून ऊन खात पडायची आणि जीभ काढून आमच्याकडं बघायची.

आत्याचा दावा असा, की ही जुन्या घरामागच्या बांधातली. पाणी चढलं तशी तीही चढली आणि आमच्या मागं आली. “वळख हाय माजी.” आता घोरपडीच्या कपाळावर काय गावाचं नाव असतं? पण बोलायची सोय नाही. तिचं नाव आत्यानं ठेवलं पाटलीण. “जुन्या गावात मी पाटलिणीच्या दारात हुबी ऱ्हायची. आता पाटलीण माज्या दारात ऱ्हाती.” हे गावातल्या खऱ्या पाटलीणबाईंच्या कानावर गेलं आणि आठवडाभर धुसफूस चालली. ती मिटवायला कोण गेलं? मीच गेले, आणि कुणाच्या वतीनं माफी मागायची हे मला त्या ओसरीवर बसेपर्यंत कळत नव्हतं.

थंडीत पुण्याहून गाड्या यायच्या. गळ्यात दुर्बिणी, डोक्याला टोप्या. त्यातल्या एका भल्या गृहस्थानं आत्याला विचारलं, “आजी, हे पाहुणे कुठून येतात माहीत आहे का तुम्हाला?” मी नेमकी तिथं होते. म्हटलं, झालं, आता हा मेला.

“कुठनं?”

“कच्छहून. तिकडं लांब गुजरातेतून.”

“तितं त्यांचं घर बुडालं का?”

“छे छे. इकडं खायला येतात ते.”

“मग पाहुणे कसले? पाहुना सांगून येतो. जाताना पोराच्या हातावर काय तरी ठेवतो. हे हगून जात्यात.”

“आत्या!” मी ओरडले. पण गृहस्थ खो खो हसले, आणि तिथंच त्यांनी चूक केली, कारण मग आत्यानं त्यांना उन्हात उभं करून सगळी तुलना ऐकवली. ती तुलना मला इतकी पाठ आहे की माझ्या चौथीच्या पोरांना पाढे तेवढे पाठ असते तर मी पेढे वाटले असते.

“घोरपड बगा. पोट जमिनीला लावून चालती. जमीन सोडत न्हाय. आन् ह्यो? जमिनीचा इटाळ व्हईल म्हनून काठ्यांवर हुबा. त्यातनं बी एक काठी वर धरतो. घोरपड हितंच बीळ बगती, हितंच पिल्लं घालती. ह्यो एक तरी घरटं बांधतो का हितं? खायाला आमच्यात, बाळंतपणाला तिकडं. घोरपड मातकट, कारन ती मातीत ऱ्हाती. ह्यो आला तवा पांढरा व्हता, आमचा चिखल खाऊन खाऊन लाल झाला. किल्ला चढायचा झाला की घोरपडीच्या कमरंला दोर बांधा, आन् बोर्डावर चितर काढायचं झालं की फेलमिंगूचं! ती पानी आलं म्हनून उठली, ह्यो पानी आलं म्हनून आला. ती धरणग्रस्त, ह्यो लाभधारक. बास.”

“पण आजी,” गृहस्थ म्हणाले, “फ्लेमिंगो दिसतो किती सुंदर!”

“लाभधारक दिसाया बराच असतो,” आत्या म्हणाली.

मग त्यांना घोरपड बघायची होती. आत्या त्यांना घरी घेऊन गेली. “आत्ताच आत गेली. ऊन लागलं तिला. बसा, यील.” गृहस्थ अर्धा तास गडग्यापुढं उकिडवे बसले. आत्यानं त्यांना चहा केला, पाटलिणीला काय आवडतं, ती कशी रुसते, थंडीत किती झोपते, सगळं सांगितलं. घोरपड काही आली नाही. ते गडग्याचाच फोटो काढून गेले. मी मनात म्हटलं, मेल्या परक्या माणसाशी एवढं गोड बोलते, माझ्याशी बोलताना हिच्या जिभेला काय काटे फुटतात?

एकदा मी हट्टानं तिला बारामतीला घेऊन आले. म्हटलं, पुरे झालं, आता इथंच राहायचं. नळ आहे, पंखा आहे, टीव्ही आहे. दोन दिवस ती गॅलरीत बसून रस्त्यावरनं जाणाऱ्यांची धरणग्रस्त-लाभधारक वर्गवारी करत होती, तीही शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. तिसऱ्या दिवशी पिशवी भरली. “पाटलीण एकटी हाय.”

आमचे हे थंड डोक्याचे. म्हणाले, “आत्या, तिलाही आणू की. पोत्यात घालून माझ्या लुनावर आणतो.” आत्या पिशवीची गाठ मारत ह्यांच्याकडं वळली. म्हणाली, “मानूस वाईट न्हाय म्हनलं व्हतं मी.” मग आमच्या भिंतीवर थाप मारली. “ही शिमिटाची. हिच्यात कोन ऱ्हानार?”

“माणसं राहतात की आत्या! आम्ही राहतो!” मी किंचाळलेच. ती तोवर चपला घालून जिन्यात पोचली होती.

मग त्या वर्षी पाणी लवकर उतरलं. फ्लेमिंगो कधी नव्हे इतके आले, त्यांच्यामागं गाड्या आल्या, आणि गावाच्या डोक्यात रस्ता आला. दत्ता तेव्हा सरपंच झाला होता. तरुण पोरगा, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलायला नम्र. त्याचं म्हणणं, गाड्या पार काठापर्यंत गेल्या पाहिजेत. भजीची गाडी लागेल, होड्या चालतील, पोरांना काम मिळेल. वाईट काय होतं त्यात? काहीच नव्हतं. पण पाण्याकडं जाणारी वाट आत्याच्या अंगणाला घासून जात होती आणि वाट रुंद करायची तर गडगा काढावा लागणार होता.

दत्ता हात जोडून आला. “आत्या, गडगा चार हात आत घ्यायचा. मजूर पंचायत देती. तुमाला काय तोशीस न्हाय.”

“माजं काय न्हाय,” आत्या म्हणाली. “पाटलिणीला इचार.”

“कुठल्या पाटलिणीला?” दत्ताच्या कपाळावर घाम आला, कारण खऱ्या पाटलीणबाई त्याच्या चुलत आजी.

“गडग्यातल्या. एकदा उठवलं तिला. आता फेलमिंगू बगाया गाड्या याव्यात म्हनून दुसऱ्यांदा उठवता व्हय रं? त्यो पाहुना! मी हितं एवढी वरसं काढली, मला कुनी पाहुनी म्हनलं न्हाय. मला धरणग्रस्त म्हनत्यात. आदी पुनर्वसन, मग रस्ता. आमाला कुनी दिलं न्हाय, तिला द्या.”

मला निरोप आला. मी तशीच निघाले, एसटीत उभी, डोकं तापलेलं. उतरल्या उतरल्या पहिला भेटला दत्ता, मग त्याच्यावरच बरसले. “घोरपडीला हात लावणं गुन्हा आहे, ठाऊक आहे का? तुझी ती दुर्बीणवाली माणसं आहेत ना, त्यांनाच सांगते.” बिचारा पांढराफटक पडला. मग आत्याकडं वळले. “एका सरड्यापायी सगळ्या गावाशी वैर घेतेस? उद्या अंथरुणाला खिळलीस तर घोटभर पाणी कोण देईल?”

“सरडा कुनाला म्हनतीस?” आत्या म्हणाली.

झालं ते भलतंच. गुन्ह्याचं नाव काढल्यामुळं दत्ता घाबरला आणि रोज समजूत काढायला येऊ लागला. त्याच्यामागं पंचायतीचे मेंबर. मग रस्त्याचा मुकादम. मग दोन्ही बाजूंनी बोलणारी चार म्हातारी माणसं, ज्यांना कामच नव्हतं. आत्याची ओसरी संध्याकाळी माणसांनी भरायला लागली. मी गेले तेव्हा साखरेचा डबा खडखडत होता. आत्या मधे बसून बैठक चालवत होती आणि कुणी आवाज चढवला की गडग्याकडं बोट दाखवून म्हणायची, “हळू बोला. ती आतनं समदं ऐकती.” आणि ते बाप्ये खरोखर आवाज खाली आणायचे! मला हसावं का डोकं आपटावं कळेना.

तेवढ्यानं भागलं नाही. “इंदापूरला चल,” म्हणाली. “जागा सरकारनं दिली पायजे.” मी म्हटलं, मी मेले तरी येणार नाही. गेले.

कुठल्या कचेरीत गेलो ते सांगत नाही. टेबलामागं एक पोक्त साहेब होते. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसलेली. मी मागं, पदर तोंडाला लावून.

“काय काम काढलंत?”

“पर्यायी जागा पायजे. धरणग्रस्त हाय.”

“कोण?”

“पाटलीण.”

“आडनाव?”

“घोरपड.”

“घोरपडे!” साहेब ताठ बसले. “घोरपडे पाटील? अहो, मग उभ्या का? बसा की! अरे, चहा सांग रे दोन.” शिपायानं स्वतः खुर्ची पुसली. आत्या बसली. मला वाटलं ती आता खुलासा करेल. कसला खुलासा! तिनं पाठ टेकली.

“बाई स्वतः नाही आल्या?”

“एष्टीत घेत न्हाईत तिला.”

“का? आजारी असतात?”

“न्हाय. पोटावर चालती.”

“अरेरेरे.” साहेबांचा आवाज मऊ झाला. “घरात कोण कोण?”

“एकटीच हाय.”

“आणि सध्या राहतात कुठं?”

“माज्या गडग्यात. दगडाच्या फटीत.”

साहेबांनी चष्मा काढला. “काय वेळ आली बघा. घोरपडे पाटलांच्या घरची बाई, अपंग, आणि दगडाच्या फटीत दिवस काढते. लाज वाटली पाहिजे आपल्याला.” त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते हो! माझ्यानं राहवेना. “साहेब,” मी म्हटलं, “घोरपड. जनावर. चार पायांची.”

कचेरीत कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांच्या तोंडावरचा रंग बदलत गेला तो मला आजही दिसतो. चहा आला होता, तो आमच्यापुढं ठेवायच्या आत परत गेला. “टिंगल करायला येता? बाहेर व्हा!”

आम्ही बाहेर झालो. मी एसटी स्टँडपर्यंत आत्याला फाडून खाल्लं. माझी अब्रू, माझी नोकरी, काय काय बोलले. आत्या डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसत होती. भेळ घेऊन खाल्ली. “खुर्ची लई मऊ व्हती गं,” म्हणाली. आणि मग एसटीत बसल्यावर माझा राग हळूहळू दुसरीकडं वळला. घोरपडे म्हटल्यावर खुर्ची आली, घोरपड म्हटल्यावर बाहेर काढलं, ते ठीक. पण समोर बसलेल्या बाईला, बाई तुमचं नाव काय, हे त्या भल्या माणसानं एकदा तरी विचारायचं होतं. विचारलं नाही. आणि विचारलं नाही हे तिला जाणवलं असेल का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही, म्हणून मी आणखी चिडले.

शेवटी दत्तानंच तोड काढली. म्हणाला, “आत्या, गडगा पाडायचाच न्हाय. एकेक दगड उचलायचा आन् चार हात आत हाय तसा लावायचा. घोरपडीचं बीळ सगळ्यात शेवटी, हळूच. ती आपसूक नव्या गडग्यात जाईल. झालं पुनर्वसन?” ओसरीवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्याला नाही म्हणायला जागाच उरली नाही. मला वाटलं, जिंकलो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काम निघालं. दोन मजूर पहारी घेऊन आले. त्यांनी घोरपडीची धास्ती घेतलेली, म्हणून लांबच्या टोकाकडनं सुरुवात केली. दगड निघत होते, आत नवा गडगा चढत होता. मी देखरेखीला उभी. आत्या निघालेले दगड एकेक करून मोजत होती. समोर पाण्यात फ्लेमिंगो उभे होते, अगदी तिच्या चुलीवर उभे होते, तरी तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही.

दुपारी जेवणवेळेला दोन हातांचा तुकडा राहिला. मजूर मागं सरले. “बाई, ते तुमी बगा. तिनं धरलं तर सोडत न्हाय.” आणि लिंबाखाली जाऊन भाकरी सोडून बसले.

“ऱ्हाऊ दे गं तेवढं,” आत्या म्हणाली.

“आता कशाला राहू दे? एवढं गाव नाचवलंस ते कशासाठी?” मी बॅटरी घेतली, वाकले आणि पुढचा दगड ओढून बाजूला केला.

आत जाळी होती. कोळ्याची, जाड, धुळीनं मळलेली, या दगडापासून त्या दगडापर्यंत. तिच्या मागं लिंबाचा पाचोळा, आणि बिळाच्या तोंडातच कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं, तेही जुनं होऊन फुटलेलं. तिथनं घोरपड काय, पालसुद्धा किती तरी वर्षांत गेली नव्हती.

मी मागं वळून पाहिलं. आत्या बिळाकडं बघत नव्हती. काढलेल्या दगडावर हात ठेवून बसली होती.

“आत्या, आत काही नाही.”

“न्हाय.”

“कधीपासनं?”

“तुजा बाप गेला, त्या वरसापासनं. पावसाळा सरला तरी दिसली न्हाय.”

“आणि तुला हे माहीत होतं?”

“माज्या दारातली ती. मला म्हाईत नसंल व्हय?”

माझ्या डोक्यात असा जाळ झाला! मजुरांना ऐकू जाऊ नये म्हणून दातांतल्या दातांत बोलले, पण बोलले. “मग हा तमाशा कशाला? दत्ताला रोज हेलपाटे. मी गुन्हा-बिन्हा बोलून बसले. इंदापूरला त्या माणसापुढं माझं तोंड काळं केलंस. रिकाम्या बिळासाठी? का? सांग ना, का?”

“वरडू नगं,” ती म्हणाली. मग पदरानं त्या दगडावरची धूळ पुसत राहिली. “शोभे, हितं म्हातारी ऱ्हाती म्हनून कोन येतंय का? कोन न्हाय येत. घोरपड ऱ्हाती म्हनलं की समदी येत्यात. पुन्याचा येतो. सरपंच येतो. मेंबर येत्यात. बसत्यात. ती कशी हाय म्हनून इचारत्यात, तेवढंच मी बी बोलती. तू बी भांडायला का व्हईना, येतीस.”

मला काहीतरी ताडकन बोलायचं होतं. मी दर महिन्याला येते, असं म्हणणार होते. मग आठवलं की दर महिन्याला मी निरोप आल्यावर येत होते. राग आला तो इतका आला, की कुणावर काढावा ते समजेना. गावावर, तिच्यावर, त्या मेल्या पाण्यावर. आणि रडू आलं म्हणून आणखीनच राग आला.

तेवढ्यात लिंबाखालनं मजूर ओरडला, “बाई, हाय का ओ आत?”

आत्यानं मान वर केली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, मजुराकडं बघितलं नाही, नुसती समोर बघत बसली.

मी उभी राहिले. वर्गात ओरडते तशी ओरडले.

“हाय! लई मोठी हाय! लांबच बसा तिकडं. हे दगड आमी दोघी लावतो.”

मजूर आणखी चार पावलं मागं सरकले. मी पदर खोचला. त्या दुपारी उन्हात आम्ही दोघींनी एकेक दगड नेऊन, मधे फट सोडून, रिकाम्या बिळाचं पुनर्वसन केलं. आत्या मला सांगत होती, हा खाली, तो वर, अगं उलटा धरलास. माझी बोटं सोलवटली. मी तिला उलट बोलत होते, ती मला बोलत होती, आणि लिंबाखालचे दोघं कौतुकानं बघत होते.

संध्याकाळी दत्ता आला. कडक शर्ट, हात मागं बांधलेले, गडग्यापासनं चांगला लांब उभा राहिला.

“आत्या, पाटलीण बसली का नीट?”

“बसली,” आत्या म्हणाली. “पन नवी जागा हाय, बुजल्याली हाय. उद्या यिऊन बग.” मग म्हणाली, “परवा बी ये.”

“येतो की,” दत्ता म्हणाला आणि ओसरीवर टेकला. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.